पादपात, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा
संधिवाताने झिजलेला, वाकडा झालेला गुडघा सरळ केल्यावर पाऊल व बोटे वर उचलता न येण्याची अवस्था. चालताना पंजा जमिनीवर घासतो, म्हणून रुग्ण गुडघा जास्त उंच उचलून पाऊल टाकतो. पावलाच्या वरच्या भागावर बधिरता किंवा मुंग्या जाणवतात.

कारणे : पाऊल व बोटे वर उचलणाऱ्या स्नायूंना चेतना देणारी कॉमन पेरोनियल ही तंत्रिका फिब्युला हाडाच्या मानेभोवती वळसा घेऊन त्वचेलगत जाते, त्यामुळे तिला ताण व दाब लवकर बाधतो. गुडघा आतल्या बाजूला वळलेला आणि आखडलेला असल्यास तो सरळ करताना ती ताणली जाते. घट्ट पट्टी, साकळलेले रक्त व दीर्घकाळ बांधलेले टूर्निकेट हीही कारणे होत. नडगीचे हाड कापून अक्ष सुधारताना फिब्युला छेदल्यास अंगठा उचलणाऱ्या स्नायूची शाखा दुखावू शकते. सांधारोपणानंतर ही गुंतागुंत विरळाच, सुमारे १ टक्का रुग्णांत आढळते. एपिड्यूरल भुलीमुळे निदान लांबू शकते.

उपचार : पट्टी तात्काळ सैल करून गुडघा किंचित वाकवून ठेवतात. पोटरीत असह्य वेदना व ताठरपणा असल्यास कंपार्टमेंट सिंड्रोमची (स्नायूंच्या कप्प्यातील दाब वाढून रक्तपुरवठा खुंटण्याची) शक्यता तातडीने तपासतात. पुढे व्यायाम आणि घोटा तोलून धरणारा स्प्लिंट देतात. सुमारे ३ ते ४ आठवड्यांनी विद्युत्‌-स्नायुआलेखाने इजेची तीव्रता कळते. तुटलेले तंतू दिवसाला साधारण १ मिमी. वाढत असल्याने सुधारणेला अनेक महिने लागतात. काही महिन्यांत सुधारणा न दिसल्यास तंत्रिकेवरील दाब मोकळा करतात. दोष कायम राहिल्यास कंडरा-स्थानांतर करतात.