शब्दवेध : खापर
यवतमाळ जिल्ह्यात अरुणावतीकाठच्या आर्णीसारख्या ठिकाणी उत्खनन होतं, तेव्हा पाट्या भरतात त्या नाण्यांनी नव्हे, खापरांनी.

संस्कृत ‘खर्पर’, प्राकृत ‘खप्पर’, मराठी ‘खापर’. मूळ शब्दाचा एक अर्थ कवटी!

खापरं धुऊन, वाळवून मांडली की अभ्यासकाची नजर आधी काठाचा तुकडा शोधते. त्याच्या वळणावरून तोंडाचा व्यास कळतो, घाटाचा अंदाज येतो. मग रंग, पोत, भाजणी. विदर्भातल्या लोहयुगीन भांड्यांत आतून नि काठाशी काळी, खाली लाल अशी पुष्कळ. रूढ खुलासा असा, की भांडं पालथं भाजलं म्हणजे हवा न मिळालेला भाग काळा पडतो.

खानदेशात अख्खं खापरही चुलीवर पालथंच असतं, मांडे भाजायला. बाकीचे ते दुसऱ्याच्या माथी फोडतात. आणि पणजोबांचे वडील? खापरपणजोबा.