याले मुखवटा काहून नाही?

पहिलं काम, मोबाइल खोल खिशात ढकला. दहा रुपयांचं ते दोन धातूंचं नाणंही बाहेर काढू नका. इथे ते कुणी घेणार नाही, आणि पोलिसाच्या नजरेला पडलं तर उत्तरं देता देता पुरेवाट होईल. दिवस आणीबाणीचे आहेत. 1976 चा डिसेंबर, रविवारची सकाळ. तुम्ही वर्धा स्टेशनातून बाहेर पडलात, नऊ वाजून गेले तरी सायकलरिक्षावाले कानाला मफलर गुंडाळून बसलेत.

चालत निघा. कापसाचा हंगाम आहे. रात्रभर बंड्या गेल्यात आणि कडेच्या बाभळींनी त्यांच्यातून ओढलेले पुंजके अजून काट्यांवर लटकलेत. भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, त्याच्या शेजारी 'अनुशासन पर्व'. हे शब्द पवनारच्या विनोबांचे. धाम नदीच्या काठचा तो आश्रम इथून आठ-दहा किलोमीटरवर. तिथले शब्द सरकारने उचलून देशभर रंगवले. वाचा आणि पुढे व्हा, भिंतीपाशी थांबून चर्चा करायचे हे दिवस नाहीत.

गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत वळलात की एका ओट्यावर दोरी ताणलेली दिसेल. दोरीला चिमटे, चिमट्यांना अंक. दहा पैशांत इथेच बसून वाचायचं, घरी न्यायचं तर अनामत ठेवायची, आणि पान दुमडलं की अनामत बुडाली. दुकानदार स्वेटरच्या बाह्यांत हात खुपसून विचारतो, "काय पायजे भाऊ?" तुमच्याकडे चालणारे पैसे नाहीत. तेव्हा काही बोलू नका, ओट्यावरच्या पोरांच्या मागे जाऊन उभे राहा. पैसे एकाने दिलेत, अंक त्याच्या मांडीवर आहे आणि बाकीचे फुकटे आहेत. त्यात आणखी एक खपून जाईल.

मांडीवर आहे तो इंद्रजाल कॉमिक्सचा नवा अंक. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी ही मालिका मार्च 1964 मध्ये काढली. पहिले 32 अंक सगळे मुखवटेवाल्या वेताळाचे. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, पण राज्य वेताळाचंच राहिलं. ओट्यावरच्या पोरांना त्याचं डेंकालीचं जंगल वर्ध्याच्या गल्ल्यांइतकं पाठ आहे. मूळ इंग्रजीत त्या देशाचं नाव बंगाला होतं, ते भारतीय वाचकाला बंगालसारखं वाटेल म्हणून इथे डेंकाली केलं. समुद्री चाच्यांची टोळी मुळात 'सिंग' होती, तिची 'सिंगा' झाली. पोरांना हे माहीत नाही आणि तुम्हीही सांगू नका. भारतीय वाचक दुखावू नये म्हणून नावं बदलत बदलत बारा वर्षं गेली, आणि मग कुणाला तरी सुचलं की मुळातच इथला हिरो का काढू नये. आबिद सुरती यांनी लिहिलं, गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलं, आणि बहादूर जन्माला आला. इंग्रजी अंकाचं नाव 'द रेड ब्रिक्स हाउस'.

आता कान द्या.

"याले मुखवटा काहून नाही बे?"

"अन् कपडे पाय त्याचे. कुडता! आपल्या मास्तरसारखा."

"मास्तर कुडत्याखाली जीन घालते काय?"

हा मुद्दा बिनतोड आहे. भगवा कुडता आणि खाली जीन्स, असा माणूस वर्ध्यात अजून कुणी पाहिलेला नाही. खादीचा कुडता पैशाला पासरी, पण त्याच्या खाली पायजमा असतो. जीन्स नागपूरला कुणाच्या तरी चुलतभावाकडे आहे. पोरं कुडत्याकडे पाहून नाक मुरडतात आणि जीन्सकडे पाहून गप्प होतात.

"मंग याले ताकद कोणती हाये?"

"काही नाही. हिंमत हाये म्हणते."

"हिंमत त माह्यापाशी बी हाये."

हसू नका. या एका वाक्यात नव्या हिरोची सगळी अडचण आली. वेताळाच्या अंगठीने जबड्यावर कवटी उमटते, त्याला चारशे वर्षांची वंशपरंपरा आहे, मरत नाही अशी त्याची ख्याती आहे. मँड्रेकने हात हलवला की पिस्तुलाचा साप होतो. याच्याकडे काय? याचा बाप चंबळचा डाकू, भैरवसिंग. पोलिस अधिकारी विशालच्या गोळीने तो मेला. पोरगा सूड घ्यायला निघाला, बाप काय होता ते त्याला कळलं आणि त्याने बाजू बदलली. मांडीवर अंक असलेला पोरगा हे सगळं एका दमात सांगतो, कारण त्याने चार पानं आधीच पुढे डोकावून घेतलंय, नाहीतर बाकीच्यांनी "झालं" म्हटल्याशिवाय पान उलटायचं नाही असा ओट्याचा नियम आहे. मागच्या बारक्याचं वाचन हळू आहे. त्याच्यामुळे सगळा चंबळ अडून बसलाय.

आणि मग गब्बर येतो. यायचाच होता. 'शोले' लागून सव्वा वर्ष झालंय. त्याच्या संवादांच्या तबकड्या पानठेल्यांवर वाजतात, आणि डाकू म्हटलं की या पोरांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस तंबाखू चोळत उभा राहतो.

"गब्बर आला त हा काय करन?"

"एकटा थोडीच हाये तो. पुरं गाव हाये त्याच्या मांगं. दल हाये."

"रामगडचंबी पुरं गाव होतं. काय केलं त्याईनं?"

कॉमिक्सच्या पहिल्या अंकावर इतकी नेमकी टीका तुम्हाला कुठल्या मासिकात वाचायला मिळायची नाही. रामगडने काय केलं? बाहेरून दोन भाडोत्री आणले, त्यांना जेवू घातलं आणि खिडक्या लावून घेतल्या. बहादूरचं जयगढ उलटं आहे. तिथे नागरिक सुरक्षा दल आहे, गावचीच माणसं राखणीला उभी राहतात आणि बहादूर त्यांच्यातला पहिला. अमेरिकेत अशा टोळीतल्या प्रत्येकाला वेगळी शक्ती लागते, एक जळणारा, एक ताणला जाणारा, एक दगडाचा. इथे दलात कुणालाच काही येत नाही. रात्री जागायला येतं, तेवढंच. मला विचाराल तर ही कल्पना फार मोठी होती, आणि ती पेलायला सुरती-ब्राह्मणियांकडे पानं कमी होती. दलातली माणसं बहुतेक वेळा बहादूरच्या मागे उभीच राहतात. ओट्यावरची पोरं एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर बोट फिरवतात, पण त्यांना नावं सापडत नाहीत.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर क्षणभर तिकडे जाऊन या. ऑगस्ट 1961, 'फॅन्टास्टिक फोर'चा पहिला अंक स्टॉलवर आलाय. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचे हे चौघे आपसांत भांडतात, आणि त्यांच्या अंगावर साधे कपडे आहेत. मुखवटे नाहीत. वाचकांची पत्रं आली. ली पुढे सांगत असे त्याप्रमाणे सूर एकच होता, अंक झकास आहे, पण पोशाख द्या. तिसऱ्या अंकात निळे पोशाख आले, पत्रांचं पानही त्याच अंकापासून सुरू झालं, आणि त्यात छापलेलं एक पत्र तर त्यांच्याकडेच काम करणाऱ्या सॉल ब्रॉडस्कीचं होतं. म्हणजे 'याले मुखवटा काहून नाही' हा प्रश्न गोल बाजारात पंधरा वर्षं उशिरा पोचला. फरक इतकाच की तिकडे तो पाकिटात घालून पाठवायची सोय होती. इथल्या पोराने कार्ड लिहायला मागितलं तर घरून विचारतील, मामाला लिहितोस का?

परत या. ओट्यावर दोन मोठी माणसं आलीत.

पहिले हिंदीनगरकडचे दिसतात, बगलेत 'धर्मयुग'. वर्ध्यात हे नवल नाही, राष्ट्रभाषा प्रचार समिती इथे 1936 पासून आहे आणि हिंदी साप्ताहिकं मराठी घरांतही येतात. ते अंक हातात घेतात, लेखकाचं नाव वाचतात आणि चेहरा खुलतो. "अरे, हा तर ढब्बूजीवाला!" आबिद सुरतींचा ढब्बूजी 'धर्मयुग'मध्ये शेवटी असतो आणि त्याच्यापायी लोक अंक मागून उघडतात. ज्याने आजवर हसवलं त्याने डाकू काढलेत, हे काही त्यांच्या पचनी पडत नाही. दोन पानं चाळून ते अंक परत देतात.

दुसरे आबाजी. खादीची बंडी, डोक्यावर टोपी, बाजूच्या घराच्या पायरीवर उन्हाला बसलेत. त्यांनी अंक हातातही घेतला नाही, नुसतं ऐकलं.

"डाकूचा पोरगा सुधरला म्हणता? असा एक खराच होता."

पोरं वळत नाहीत. तुम्ही वळा, कारण हे चित्रांत नाही. डाकू मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता आणि त्याने विनोबांना पत्र लिहिलं. मे 1960 मध्ये विनोबा पायी चंबळच्या खोऱ्यात गेले. वीस डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या, त्यात लुक्का म्हणून ओळखला जाणारा लोकमन पंडित होता. तहसीलदारसिंगची फाशी पुढे टळली. 1970 मध्ये विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला, पवनार सोडायचं नाही असं ठरवलं. म्हणून माधोसिंग वगैरे डाकूंच्या शरणागतीचं काम दुसऱ्याकडे गेलं, आणि एप्रिल 1972 मध्ये जौऱ्याला जे सुरू झालं त्यात चारशेंहून जास्त डाकूंनी शस्त्रं ठेवली.

"दुसऱ्याकडे म्हणजे कोणाकडं, आबाजी?" एक पोरगा विचारतो.

आबाजी 'धर्मयुग'वाल्यांकडे पाहतात. ते गल्लीच्या तोंडाकडे पाहतात. जयप्रकाश हे नाव ओट्यावर मोठ्याने घ्यायचं की नाही, याचा हिशेब दोघांच्या चेहऱ्यावर चाललाय. चारशे डाकूंनी ज्यांच्या शब्दावर बंदुका टाकल्या त्यांना 26 जून 1975 च्या पहाटे अटक झाली होती. ते सुटले ते आजारी होऊन.

"होते एक," आबाजी म्हणतात आणि विषय बदलतात. "दल काढलं ते बेस केलं. पण त्याईच्या हाती बंदुका काहून देल्या?"

"आबाजी, बिना बंदुकीचं कॉमिक्स कोण वाचन?"

"काहून नाही? वीस माणसं बंदुका ठिवून रायले, हे चित्र नाही काय?"

पोरं एकमेकांकडे पाहतात. वीस माणसं ओळीने येऊन बंदुका खाली ठेवतात, पुढच्या चौकटीत आणखी वीस. कोण पाहणार? माझं मन इथे पोरांच्या बाजूने झुकतं. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जयगढ काढणाऱ्याने चंबळकडे पाहिलं तेव्हा त्याला पोलिस दिसले आणि गस्त घालणारं गाव दिसलं. त्याच खोऱ्यातून एक म्हातारा पायी गेला होता, आणि त्याला एकाही चौकटीत जागा नाही. भारतीय कॉमिक्सला घोड्यावरचा मुखवटेवाला सोडता आला, बंदूक सोडता आली नाही.

"झालं," बारका म्हणतो. अंक संपला.

दुकानदार हात पुढे करतो, अंक चिमट्याला जातो. निकाल लागायला वेळ लागत नाही. चौघांपैकी दोघांना वेताळ परत पाहिजे. एकाला बहादूर बरा वाटला, "पण घोडा पायजे होता." बारक्याचं मत कुणी विचारत नाही. बहादूर पुन्हा येईल का, हे त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. इंद्रजाल 1990 ला बंद होईपर्यंत तो येत राहील, ज्यूदो-कराटे जाणणारी बेला त्याच्या बरोबरीने लढेल, आणि लग्नावाचून दोघं एका घरात राहतील. हे पोटात ठेवा. आबाजींसमोर तर नक्कीच.

खेळ लगेच ठरतो, नागरिक सुरक्षा दल विरुद्ध डाकू. अडचणही लगेच येते. गब्बर व्हायला तिघं तयार. बहादूर व्हायला कुणी नाही.

"मी होते बहादूर." हे पैसे देणाऱ्याची बहीण बोलली. इतका वेळ ती खांबाला टेकून उभी होती आणि वाचण्यात सगळ्यांच्या पुढे होती, हे फक्त तुम्ही पाहिलंत.

"पोरगी कशी होईन बहादूर?"

"त्याले मुखवटा नाही. ताकद नाही. घोडा बी नाही. मंग लागते काय?"

याला उत्तर नाही. ती भावाचा कुडता वलणीवरून ओढते, फ्रॉकवरून घालते आणि माणसं वाटायला घेते. बारका दलात, दोघं गस्तीला, भाऊ विशाल. तिन्ही गब्बर बाद. भाऊ कुरकुरतो, मग डाकू कोण? ती गल्लीभर नजर फिरवते. आबाजी पायरीवरून उठायचे नाहीत, 'धर्मयुग'वाले निघून गेलेत.

"तुमी कोणाकडचे पाव्हणे?" ती तुम्हाला विचारते, आणि उत्तराची वाट न पाहता, "तुमी डाकू. पळा."