रंगावरचे अदृश्य कवच : मोटारीची धुलाई आणि पेंट सीलंट

नवी मोटार ताब्यात घेताना विमा आणि नोंदणीच्या कागदांसोबत आणखी एक पत्रक बहुतेक ग्राहकांपुढे ठेवले जाते. ते असते रंगाच्या संरक्षणाचे. ‘टेफ्लॉन’, ‘सीलंट’, ‘सिरॅमिक’ अशा शब्दांनी सजलेल्या या सेवांची किंमत काही हजार रुपयांपासून सुरू होते आणि सहज अनेक पटींनी वाढते. या सेवा घेणे बंधनकारक नसते. मोटारीच्या मूळ किमतीशी त्यांचा संबंध नसतो. त्यांतून ग्राहकाच्या पदरात नेमके काय पडते, हे समजण्यासाठी आधी मोटारीच्या रंगाची रचना पाहावी लागते.

कारखान्यात पोलादी पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया झाल्यानंतर विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवला जातो. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. या सर्वांची मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एक-दीड पानाइतकी भरते. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाच्या केसाहूनही बारीक. मोटारीची झळाळी याच थराची असते आणि ऊन, पाऊस, धूळ यांचा पहिला मारा तोच सोसतो. तो एकदा झिजला की पुन्हा वाढत नाही. पॉलिश करून ओरखडे ‘घालवणे’ म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत उरलेला थर घासून खाली आणणे होय. त्यामुळे दर सर्व्हिसिंगला मशीन पॉलिशची ऑफर स्वीकारणारा ग्राहक प्रत्येक वेळी थोडा क्लिअर कोट गमावत असतो.

सीलंट याच थरावर बसते. पूर्वी हे काम मेणाकडे होते. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण आजही त्यासाठी नावाजलेले आहे, पण कडक उन्हात आणि वारंवारच्या धुलाईत ते काही आठवड्यांतच ओसरते. सीलंट हे कृत्रिम बहुवारिकांचे, बहुधा सिलिकॉन वर्गातील संयुगांचे मिश्रण असते. त्याचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि साधारण तीन ते सहा महिने टिकतो. तो असेपर्यंत पाणी पृष्ठभागावर न पसरता मण्यांसारखे गोळा होते, चिखल घट्ट बसत नाही आणि धुलाईत घासणे कमी लागते. पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक, किड्यांचे अवशेष यांचा क्लिअर कोटशी थेट संपर्क होण्यास थोडा विलंब लागतो. हा विलंब काही तासांचा असतो, दिवसांचा नव्हे. उन्हात तापलेल्या बॉनेटवर विष्ठा दोन दिवस तशीच राहिली, तर सीलंट असूनही डाग उमटू शकतो.

ओरखड्यांपासून मात्र सीलंट वाचवत नाही. येथे जाहिरातींच्या भाषेकडे सावधपणे पाहायला हवे. सिरॅमिक कोटिंगच्या पत्रकांवर दिसणारे ‘९ एच’ हे अंक-अक्षर पेन्सिलच्या शिशाच्या श्रेणीवरून घेतलेले असते. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मापनश्रेणीशी त्याचा संबंध नाही. पण ‘९’ वाचून हिऱ्याखालोखालचा कठीणपणा ग्राहकाच्या मनात उभा राहतो. ‘टेफ्लॉन कोटिंग’ची कथाही अशीच. हा पदार्थ १९३८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांना सापडला. त्याचा वितळणबिंदू सुमारे ३२७ अंश सेल्सिअस आहे आणि तव्यावर तो उच्च तापमानाला भाजून पक्का केला जातो. मोटारीचा रंग एवढी उष्णता सोसू शकत नाही. म्हणून तासाभरात लावून मिळणारे टेफ्लॉन कोटिंग तव्यावरच्या थरासारखे असू शकत नाही. पॉलिश-सीलंटच्या दरात ते मिळत असेल तर हरकत नाही; त्याहून अधिक मोजण्याचे कारण दिसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली कारवाईची तरतूद असून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

आपल्याकडे क्लिअर कोटचा मोठा शत्रू ऊन किंवा आम्लयुक्त पाऊस नसून फडके आहे. शहरांतील गृहसंकुलांत पहाटे एक माणूस एका बादलीत आणि एकाच फडक्याने ओळीने दहा-पंधरा मोटारी पुसून काढतो. मासिक मोबदल्यात रोज गाडी पुसली जाते, याचे मालकाला समाधान असते. परंतु रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरड्या किंवा अर्धवट ओल्या फडक्याखाली ते पॉलिशकागदासारखे फिरतात. वर्षभरात काळ्या वा गडद निळ्या मोटारीवर दिव्याच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात, ती याच पुसण्याची देणगी. त्यात पुसणाऱ्याचा दोष थोडा. त्याला मिळणारे पाणी आणि वेळ दोन्ही मोजके असतात. रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुण्याचे काम त्याच्याकडून त्याच मोबदल्यात करून घेणे मोटारीच्या आणि त्याच्याही हिताचे. हे जमत नसेल, तर महागडे सीलंट लावूनही फारसा उपयोग नाही.

नीट धुणे म्हणजे प्रथम नुसत्या पाण्याने सैल धूळ वाहून जाऊ देणे. मग एका बादलीत मोटारीसाठीचा सौम्य शॅम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवायचा. छतापासून सुरुवात करून खाली यायचे. चाकांसाठी बादली आणि फडके वेगळेच हवे, कारण तेथे ब्रेकची लोखंडी भुकटी असते. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर टाळावी. मेणाचा थर त्यांनी धुऊन निघतो आणि सीलंटचे आयुष्यही घटते.

सीलंट लावण्यापूर्वी आणखी एक पायरी असते. धुतलेल्या पृष्ठभागावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटे फिरवावीत. खरखर जाणवली तर रंगात लोहकण वा डांबराचे ठिपके रुतलेले आहेत. रेल्वेमार्गालगत उभ्या राहणाऱ्या मोटारींवर हे हमखास आढळते. ते लोहनाशक द्रव आणि डिटेलिंगच्या मातीने, भरपूर वंगणद्रव वापरून, काढल्यावरच सीलंट लावायचे. जागा सावलीची आणि पत्रा गार असावा. थर जितका पातळ तितका चांगला. जास्त लावलेले सीलंट पुसूनच टाकावे लागते. नंतर किती तास पाणी लागू द्यायचे नाही, हे डब्यावर दिलेले असते. त्यामुळे ऐन पावसाळ्यात उघड्यावर हा खटाटोप करण्यापेक्षा मे महिन्याची अखेर बरी. होळीच्या आठवडाभर आधी लावलेला थरही पक्क्या रंगांचे डाग काढताना उपयोगी पडतो.

कारखान्यातील रंग भट्टीत पक्का झालेला असल्याने नव्या मोटारीला सीलंट लगेच चालते. अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाला मात्र काही आठवडे थांबावे लागते. त्या रंगातील द्रावक बाहेर पडायचा असतो. मॅट रंगाच्या मोटारींना नेहमीचे पॉलिश कधीच लावू नये. कोकण, गोवा, चेन्नई यांसारख्या किनारी भागांत गंजाची सुरुवात बहुधा दारांच्या खालच्या कडा आणि तळाच्या सांध्यांपासून होते. तेथे रंगावरचे सीलंट पोहोचत नाही.

बोअरवेल वा टँकरच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांना एक विसंगती अनुभवास येते : सीलंट लावल्यावर डाग वाढल्यासारखे वाटतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून अन्य स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. देशातील अनेक भागांचे भूजल याच पट्ट्यात किंवा त्यापुढे आहे. सीलंटमुळे गोळा झालेले थेंब उन्हात जागीच वाळतात आणि प्रत्येक थेंबाचा क्षार गोल ठिपक्यासारखा मागे उरतो. यावर उपाय एकच. धुतल्यावर लगेच मऊ टॉवेलने टिपून घेणे.

पाण्याचा हिशेब केवळ घरापुरता राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या जलमंडळाने पिण्याचे पाणी वाहने धुण्यास वापरल्यास ५,००० रुपये दंड लावला; त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली सरकारने नळीने मोटार धुणाऱ्यांसाठी २,००० रुपयांचा दंड जाहीर केला. सीलंट असलेली मोटार तीन बादल्यांत, म्हणजे सुमारे ४५ लिटर पाण्यात, स्वच्छ होऊ शकते.

थर शिल्लक आहे की नाही, हे पाण्याच्या वागण्यावरून कळते. बॉनेटवर शिंपडलेले पाणी मणी न होता पातळ पसरू लागले, तर सीलंट संपत आले असे मानतात. पण अनेकदा सीलंट जागेवर असते आणि त्यावर केवळ मळ साचलेला असतो. म्हणून नवा थर लावण्यापूर्वी शॅम्पूने धुऊन एकदा पुन्हा पाहावे.