एक नळी की दोन? सायलेन्सरच्या इतिहासातला एक जुना वाद

१/ नांदेडहून अर्धापूरमार्गे येणारा रस्ता हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट कळमनुरी, हिंगोली, अकोल्याकडे जाते. दुसरी उमरखेड, यवतमाळ, नागपूरकडे. येथे दोन रस्ते आहेत, कारण वाहनांना दोन दिशांना जायचे असते. स्पोर्ट्‌स कारला बाहेरून एक सायलेन्सर बसवावा की दोन, या तरुणांच्या वादात मात्र हाच प्रश्न बहुधा राहून जातो : दुसरी वाट हवी कशासाठी? इतिहास सांगतो की ती कधी गरजेपोटी आली, तर कधी निव्वळ शोभेसाठी.

२/ आरंभी सायलेन्सरचे काम त्याच्या नावाइतकेच सरळ होते. अमेरिकेतील इंडियाना राज्यात, कोलंबस या गावी, मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या बंधूंनी १८९७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. उद्देश एकच, इंजिनाचा आवाज कमी करणे. वेग वाढवण्याचा विचार त्यामागे नव्हता.

३/ पुढे अभियंत्यांच्या ध्यानात आले की नळीतून वायू संथ धारेसारखा वाहत नाही. तो ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. प्रत्येक ठोक्यामागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तो पुढच्या ठोक्याचा वायू ओढून घेतो. नळी अरुंद असेल तर वायू बाहेर ढकलण्यातच इंजिनाची शक्ती खर्च होते. ती अवाजवी रुंद असेल तर वायूचा वेग मंदावतो, ओढ कमी होते आणि कमी फेऱ्यांवर गाडी मरगळते. म्हणून ‘जितके मोकळे, तितके चांगले’ हा समज अर्धाच खरा आहे.

४/ दोन नळ्या खऱ्या अर्थाने लागतात त्या व्ही-६, व्ही-८ अशा इंजिनांना. त्यांचे सिलिंडर दोन ओळींत विभागलेले असतात आणि प्रत्येक ओळीचा वायू वेगळ्या बाजूने बाहेर पडतो. त्यामुळे दोन वाटा ओघानेच येतात. त्या दोहोंना मध्ये जोडणारी आडवी नळी दिली की दोन्ही बाजूंचा दाब समतोल राहतो. चार सिलिंडर एकाच रांगेत असलेल्या इंजिनात वायू आधीच एकत्र येतो. पुढे त्याला दोन तोंडे दिल्याने इंजिनाला सहसा काही लाभत नाही, वजन मात्र वाढते.

५/ हिशेबही सोपा आहे. ५० मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ७१ मिलिमीटर व्यासाच्या एकाच नळीइतके भरते. म्हणजे दोन नळ्यांचे काम नीट मापाची एक नळीही करू शकते.

६/ तरीही दोन नळ्यांचे आकर्षण जुने आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट आली. त्या वर्षी केवळ ३०० गाड्या तयार झाल्या. इंजिनाचे सहा सिलिंडर एका रांगेत होते, तरी मागे नळ्या दोन होत्या. व्ही-८ इंजिन कॉर्व्हेटला मिळाले ते १९५५ मध्ये.

७/ याच दशकात पूर्व जर्मनीत वॉल्टर काडेन हा अभियंता एमझेड कंपनीच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींवर काम करीत होता. त्याने नळ्यांची संख्या वाढवली नाही, नळीचा आकार बदलला. मध्ये फुगीर आणि शेवटी निमुळत्या नळीतून परतणारी दाबलहर ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलू लागली. १९६१ मध्ये त्याचे १२५ सीसीचे इंजिन २५ अश्वशक्ती देत होते.

८/ त्याच वर्षी स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या जपानच्या सुझुकी कंपनीकडे गेली. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद पटकावले. स्वार होता डेग्नरच. शीतयुद्धाच्या काळात एका नळीच्या आकाराला एवढे मोल आले होते.

९/ भारतात दोन नळ्यांचा मोह रुजवला तो जावाने. इराणी बंधूंच्या म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. पुढे येझदीनेही हीच ठेवण जपली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहातील क्लासिक लेजंड्सने जावा पुन्हा आणली, तेव्हा इंजिन नवे, फोर-स्ट्रोक होते. दोन सायलेन्सर मात्र कायम राहिले. लोकांच्या आठवणीत गाडीची ओळखच ती होती.

१०/ नंतर धुराचा प्रश्न आला. १९७५ मध्ये अमेरिकेतील गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. कॉर्व्हेटच्या दोन्ही वाटा एका कन्व्हर्टरमध्ये मिळू लागल्या आणि त्यानंतर पुन्हा दुभंगल्या. मागून दिसायला नळ्या दोनच होत्या. वायूची वाट एक झाली होती. भारतात चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना १ एप्रिल १९९५ पासून कन्व्हर्टर सक्तीचा झाला.

११/ कायद्याची बाजूही याच इतिहासाचा भाग आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक करतो. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरणारा बदल वाहनात करता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातील एका प्रकरणात दिला. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी कर्कश सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले, ते उगाच नव्हे. महामार्गालगत घरे असतात, शाळा असतात. रात्री धडधडत गेलेल्या एका गाडीचा आवाज तेथे झोपलेल्या प्रत्येकाला ऐकावा लागतो.

१२/ म्हणून निवड करताना मागच्या तोंडांकडे नव्हे, पुढच्या इंजिनाकडे पाहावे. सिलिंडर एका रांगेत असतील तर योग्य मापाची एक नळी पुरते. ते दोन ओळींत असतील तर दोन वाटांना अर्थ आहे. दोन्ही प्रसंगी कन्व्हर्टर जागेवर राहावा आणि आवाज मर्यादेत असावा. रीव्ह्ज बंधूंनी ही वस्तू शांततेसाठी घडवली होती. तिच्या नावातच तिचे काम आहे.