ख्रिस्ती धर्मसेवा आणि ध्यानसाधना

पनवेलहून पुण्याकडे निघालेला प्रवासी बोर घाट चढून वर आला की लोणावळा लागते. चिक्की आणि पावसाळी सहली यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाचे नाव ख्रिस्ती जगतात मात्र वेगळ्याच कारणाने पोहोचले. १९७८ मध्ये 'साधना' ही संस्था पुण्याहून येथे आली. इतरांना मार्गदर्शन करणाऱ्या धर्मगुरूने आधी स्वतः मौनात बसावयास शिकले पाहिजे, हा या संस्थेमागील विचार होता.

संस्थेचे प्रवर्तक फादर अँथनी डिमेलो यांचा जन्म ४ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईत झाला. १९४७ मध्ये ते येशूसंघात, म्हणजेच जेजुइट संघात दाखल झाले. बार्सिलोना येथे तत्त्वज्ञान, पुण्यात ईश्वरविद्या आणि शिकागो येथे मानसशास्त्र असे त्यांचे शिक्षण झाले. दीर्घ प्रार्थनाशिबिरांचे मार्गदर्शन करताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. वर्षानुवर्षे प्रार्थना करणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांनाही ती पुष्कळदा शुष्क वाटते. मन शब्दांत आणि विचारांतच फिरत राहते.

यावरील त्यांचा उपाय 'साधना : अ वे टू गॉड' या १९७८ च्या पुस्तकात आला आहे. आणंदच्या गुजरात साहित्य प्रकाश या संस्थेने ते प्रसिद्ध केले. साधकाने ताठ बसावे, डोळे मिटावे, खांद्यांना होणारा कपड्यांचा स्पर्श, नाकपुड्यांतून ये-जा करणारा श्वास यांकडे केवळ पाहावे, येथून आरंभ होतो. पुढे शुभवर्तमानातील एखादा प्रसंग मनःचक्षूंपुढे आणणे आणि अखेरीस येशूशी संवाद साधणे, अशा पायऱ्या आहेत. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ पासून भारतात शिकविलेल्या विपश्यनेची छाया पहिल्या पायरीवर स्पष्ट दिसते.

ही पद्धत ख्रिस्ती परंपरेला सर्वस्वी परकी मात्र नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक शब्द एकेका श्वासाबरोबर म्हणण्याची रीत सांगितली होती. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मठांतही येशूच्या नामाचा जप श्वासाशी जोडला जात असे.

महाराष्ट्रात तर या प्रयत्नांना जुना इतिहास आहे. कवी ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापण्याचा ध्यास घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. टिळकांचे चरित्रकार जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२० च्या दशकात ख्रिस्त सेवा संघ उभारला. पुण्यातील त्यांच्या आश्रमात प्रार्थनेला भारतीय रूप देण्यात आले. १९२७ मध्ये या संघात आलेले व्हेरिअर एल्विन पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजले. परंतु १९३० मध्ये त्यांनी 'ख्रिश्चन ध्यान' याच नावाचे पुस्तक लिहिले होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

मग वाद कोठे निर्माण झाला? पद्धत उसनी घेता येते. पण तिच्यामागील दर्शनही तिच्याबरोबर येते काय, हा खरा प्रश्न होता. व्हॅटिकनने १९८९ च्या पत्रात ध्यानाच्या पौर्वात्य पद्धती सरसकट त्याज्य ठरविल्या नाहीत. शारीरिक शांततेलाच ईश्वरानुभव समजू नये, असा इशारा मात्र दिला. डिमेलो तोपर्यंत हयात नव्हते. जून १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे आकस्मिक निधन झाले होते. २४ जून १९९८ च्या निवेदनात मात्र थेट त्यांच्या लेखनाची चिकित्सा झाली. श्रद्धासिद्धांत विभागाचे तत्कालीन प्रमुख, पुढे पोप झालेले कार्डिनल रॅट्झिंगर यांची त्यावर स्वाक्षरी होती. आरंभीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत आहे. नंतरच्या लेखनात ईश्वर निराकार तत्त्व होतो आणि येशू अनेक गुरूंपैकी एक ठरतो, असा त्यातील आक्षेप होता. पुढील काही आवृत्त्यांत, ही पुस्तके बहुधर्मीय वातावरणात लिहिलेली असून ती धर्मसिद्धांताची पाठ्यपुस्तके नव्हेत, असा खुलासा छापला गेला.

धर्मसेवकाच्या दृष्टीने हा वाद केवळ ग्रंथांपुरता नाही. रुग्णाच्या उशाशी किंवा शोकाकुल कुटुंबात बसताना पाठ केलेली वचने अनेकदा अपुरी पडतात. समोरच्याचे दुःख निमूटपणे ऐकून घेण्याची शक्ती मौनाच्या अभ्यासातून येते, असे या मार्गाचे साधक मानतात. त्याच वेळी, ज्याच्या नावाने आपण तेथे आलो त्या येशूचे स्थान या मौनात कोणते, याचे उत्तरही धर्मसेवकाला द्यावे लागते. इग्नेशियसच्या रीतीत श्वासाबरोबर प्रार्थनेचा शब्द होता आणि डिमेलो यांच्या १९७८ च्या पुस्तकातही श्वासापासून निघालेली वाट येशूशी होणाऱ्या संवादापर्यंत जाते. ख्रिस्ती ध्यानाचा पुरस्कार करणारे या अखेरच्या पायरीकडे बोट दाखवितात. टीकाकारांचा आक्षेप ती पायरी गळण्याला आहे.