बंगळूर : चोळी-बांगडीचा मुलूख

काही वर्षांपूर्वी एका प्रशासकीय परिसंवादाच्या निमित्ताने बंगळूरला जाणे झाले. परिसंवाद शुक्रवारी आटोपला आणि परतीची गाडी रविवारी रात्रीची होती. मधले दोन दिवस मोकळे मिळाले. उतरण्याची सोय शिवाजीनगर बसस्थानकाजवळच्या एका अतिथिगृहात होती. परमुलुखात असे नाव पाटीवर दिसले की मराठी माणसाला जे बरे वाटते ते मलाही वाटले. या दोन दिवसांत इतर काही न पाहता शहाजीराजांची राजधानी पाहावी, असे मी ठरविले.

आरंभ शिवाजीनगरापासूनच केला आणि तेथेच पहिली चूक ध्यानात आली. १८०९ मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणच्या रोगट हवेला कंटाळून आपली फौज बंगळूरला हलविली. त्या छावणीच्या आश्रयाने जी वस्ती वाढली ती जुन्या कागदांत ब्लॅकपल्ली म्हणून येते. तेच आजचे शिवाजीनगर. मद्रासकडचे शिपाई, कंत्राटदार, व्यापारी येथे स्थिरावले. म्हणून सेंट मेरीच्या भव्य बॅसिलिकापासून १९२७ च्या रसेल मार्केटपर्यंत फिरताना कानावर तमिळ, दखनी आणि कानडी पडते. मराठी मला तरी ऐकू आली नाही. शहाजीराजांच्या काळी येथे नगर नव्हतेच. सप्टेंबर २०२५ मध्ये येथील मेट्रोस्थानकास सेंट मेरीचे नाव देण्याची शिफारस करणार असल्याचे कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितले, तेव्हा महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर निषेध केला. त्या वादाच्या बातम्या मी आवर्जून वाचल्या. ज्या बंगळुरात शहाजीराजे खरोखर राहिले ती पेठ तेथून चार-पाच किलोमीटरवर आहे, याची आठवण मला त्यांत कोठे आढळली नाही.

प्रशासनाच्या अभ्यासकाला मात्र हा भाग पाहण्यासारखा आहे. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वाडियारांना परत मिळाले, तरी छावणीचा भाग इंग्रजांनी स्वतःकडे ठेवला. त्यामुळे एकाच शहरात दोन कारभार चालत: पेठेत महाराजांचा आणि छावणीत रेसिडेंटचा. छावणी म्हैसूरला परत मिळाली ती १९४७ च्या जुलैमध्ये आणि दोन्ही नगरपालिका एक होऊन महापालिका झाली ती १९४९ मध्ये.

बसने पेठेत गेलो. १५३७ मध्ये केंपेगौडांनी वसविलेल्या या पेठेचे गल्लीबोळ आजही व्यवसायांच्या नावांनी ओळखले जातात. शहाजीराजांचा निवास चिकपेठेतील गौरीमहालात होता, असे परंपरा सांगते. तो शोधताना नगरतपेठेत एक गलाईवाले भेटले. सोने-चांदी गाळण्याच्या या धंद्यात सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची कुटुंबे देशभर पसरली आहेत, हे वाचकांस ठाऊक असेलच. माझे मराठी ऐकताच त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा मागविला. वाड्याची चौकशी केल्यावर म्हणाले, "गावाकडची मानसं आली की समदी ह्येच विचारत्यात, साहेब. पर दाखवाय काय न्हाई."

ते खरेच होते. किल्ल्यातही तोच अनुभव आला. आज जो दगडी दरवाजा उभा आहे तो हैदरअलीच्या काळातील. १७९१ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी जेथे तट फोडला त्या जागेची खूण म्हणून शिळा बसविलेली आहे. शहाजीराजांच्या नावाची पाटी मला दिसली नाही. या राजधानीचे दगड उरलेले नाहीत, तेव्हा ती कागदांतच शोधावी लागते.

१६३६ मध्ये निजामशाही बुडाल्यावर शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत आले आणि रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकात गेले. १६३८ मध्ये बंगळूर पडले. केंपेगौडांचे वंशज मागडीला गेले, तेथे त्यांची सत्ता चालू राहिली. स्थानिक नायक-पाळेगारांस उखडून टाकण्यापेक्षा त्यांना बांधून घ्यावे, हे शहाजीराजांचे धोरण होते. नव्या जिल्ह्यात रुजू होणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याने ते अभ्यासावे असे आहे. कोलार, होसकोटे, बाळापूर, शिरे हा मुलूख बंगळुरातून पाहिला जाऊ लागला. जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू' रचला तो याच दरबाराच्या आश्रयाने. वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात बारा भाषांत रचना करणाऱ्या कवीचे आणि नाना प्रांतांच्या गुणिजनांचे दर्शन घडते. बंगळूर बहुभाषिक असल्याचे कौतुक आज केले जाते, ते त्याही वेळी तसे होते.

१६४० च्या सुमारास जिजाबाई आणि बाल शिवाजीराजे येथे काही काळ राहिले. पुढे पुणे परगणा शिवाजीराजांकडे देऊन त्यांची पाठवणी झाली. बरोबर जी माणसे दिली त्यांची नावे बखरींत येतात: पेशवे शामराव नीळकंठ, मुजुमदार बाळकृष्णपंत, डबीर सोनोपंत, सबनीस रघुनाथ बल्लाळ. बारा वर्षांच्या मुलाबरोबर पाठविलेली ही एक पूर्ण आस्थापनाच होती. हिशेब, पत्रव्यवहार, हजेरीपट, प्रत्येकास जबाबदार माणूस. स्वराज्याचे पहिले दफ्तर बंगळुरात बांधले गेले, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांस कैद झाली. तेव्हा सुटकेच्या मोबदल्यात आदिलशहाने शिवाजीराजांकडून कोंढाणा आणि थोरले बंधू संभाजीराजांकडून बंगळूर मागितले. दरबाराच्या लेखी या गावाची किंमत काय होती, ते यावरून समजते.

१६६४ च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे वारले. बंगळूर एकोजीराजांकडे राहिले. येथून पुढची हकीकत मराठी वाचकांना तितकीशी आवडत नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. शहाजीराजांचे कारभारी नारो त्रिमळ हणमंते यांचे पुत्र रघुनाथपंत एकोजींचा कारभार पाहत असत. दोघांचे बिनसले आणि रघुनाथपंत शिवछत्रपतींकडे निघून गेले. 'राजव्यवहारकोश' पुढे ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाला तेच हे गृहस्थ. तिकडे १६७५ मध्ये एकोजींनी तंजावर घेतले आणि त्यांचे सारे लक्ष कावेरीकडे वळले. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत तिरुमळवाडी येथे दोघे भाऊ भेटले. महाराजांनी वडिलार्जित दौलतीचा वाटा मागितला. बोलणे फिसकटले आणि एकोजी रातोरात नदीपार निघून गेले. पुढे लढाईही झाली. एकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणामुळे अखेर तह झाला.

त्या तहाची एकोणीस कलमे परंपरेने जपली आहेत. त्यांपैकी एक मी अनेकदा वाचले आहे. त्याचा आशय असा: बंगळूर आणि आसपासची ठाणी यांचे उत्पन्न सध्या दोन लाखांचे आहे, आमच्या कारभाराखाली आणल्यास ते पाच लाखांवर जाईल. तो मुलूख दीपाबाईंस चोळी-बांगडीसाठी दिला आहे. भावजयीचा मान, भावाला चिमटा आणि महसुलाचा अंदाज, सारे एका कलमात आले आहे. तिप्पट नव्हे, पण अडीचपट वसुलीची शक्यता ज्याला दिसते त्याने ती सोडून द्यावी, हे मोठेपणाचे होय. त्याबरोबरच, तेथील कारभार ढिला झाला आहे हा शेराही त्यात आहेच.

तो शेरा दहा वर्षांतच खरा ठरला. तंजावरात बसून इतक्या दूरचे ठाणे राखणे एकोजींस जड जाऊ लागले. १६८७ मध्ये त्यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वाडियारांशी बंगळूरच्या विक्रीचे बोलणे लावले. रक्कम तीन लाख रुपये. सौदा पुरा होण्यापूर्वीच मोगल सरदार कासिमखान जुलैमध्ये शहरात शिरला आणि पुढे मोगलांनी ते शहर त्याच रकमेला वाडियारांस दिले, असे सांगतात. चोळी-बांगडीचा मुलूख असा गेला. औरंगजेब दक्षिणेत उतरला होता, विजापूर बुडाले होते, तेव्हा एकोजींपुढे दुसरा मार्ग होता काय, हा प्रश्न आहेच. पण रघुनाथपंतांसारखा कारभारी दुरावल्यावर बंगळूरकडे रोज लक्ष देणारे कोण उरले होते, असे मला वाटत राहते.

रविवारी सकाळी कब्बन पार्कजवळच्या तांबड्या अट्टार कचेरीवरून गेलो. ही १८६८ ची इमारत आज उच्च न्यायालयाची आहे. अठरा खात्यांच्या कचेऱ्या म्हणून हे नाव. 'अठरा कारखाने' आणि 'कचेरी' या शब्दांत वाढलेल्या मराठी माणसाला ते परके वाटत नाही.

तेथून मल्लेश्वरम्‌ला काडुमल्लेश्वराच्या देवळात गेलो. एकोजींनी १६६९ मध्ये या मल्लिकार्जुनास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे आणि तो कानडीत आहे. ज्या रयतेला तो वाचायचा तिच्या भाषेत भोसल्यांच्या दरबाराने तो कोरविला. आज कोणत्याही बाजूच्या सीमाभागात एवढी साधी गोष्ट करताना शासकीय परिपत्रकांना किती सायास पडतात, ते मी नोकरीत पाहिले आहे.

अभिषेक चालू होता. तीर्थ देताना पुजाऱ्यांनी कोठून आलात म्हणून मोडक्या हिंदीत विचारले. पुण्याहून, असे सांगितले. एकोजींचे नाव काढताच त्यांनी मान हलविली, "हां, एकोजी महाराज, इस भगवान को गाँव दिया," असे म्हणाले, आणि मागे रांग खोळंबली होती म्हणून पुढच्या माणसाकडे वळले.