कामाचं पळणं आणि आपलं पळणं

पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'तत्त्वज्ञान' आहे आणि विषयाच्या जागी 'धावण्याचे फायदे'. आयोजकांकडून काही गल्लत झाली असावी, असं काहींना वाटलं असेल. गल्लत झालेली नाही. मात्र माझ्या पोटाकडे बघून विषय ठरवू नका, एवढी विनंती.

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ भेटले. पिंपरीतल्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं मशीनवर काढलेली. निवृत्तीनंतर साखर निघाली, रक्तदाब निघाला. डॉक्टर म्हणाले, रोज भरभर चाला, जमलं तर थोडं पळा. ते चिडले होते. मला म्हणाले, "सर, आयुष्यभर उभं राहून काम केलं, ओझी उचलली, घाम गाळला. आमचा व्यायाम कधीच झालाय. आता परत पळायचं?" मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्यांना उशिरा दिलेलं उत्तर समजा.

प्रश्न असा आहे: कामात शरीर झिजतं, तो व्यायाम का नाही? दोन्हींत स्नायू हलतात, दोन्हींत घाम येतो. मग फरक कशाचा?

आपल्याकडे पळणं हा आधी पोटाचा धंदा होता. पेशवाईतल्या पत्रव्यवहारात 'जासूदजोडी' हा शब्द भेटतो. कागद पोहोचवायला पायी धावणारी माणसं जोडीनं पाठवायची पद्धत होती. पुढे इंग्रजी अमलात डाकेचे हरकारे आले. पाठीवर टपालाची थैली, हातात घुंगरांची काठी, ठरलेल्या टप्प्यापर्यंत पळायचं आणि थैली पुढच्याच्या हवाली करायची. पळण्यानं मन प्रसन्न होतं का, असं त्यांना कुणी विचारलं असतं, तर मला वाटतं ते म्हणाले असते, साहेबाचं होत असेल.

अशा माणसांच्या पळण्याकडे खेळ म्हणून बघितलं गेलं, त्याची एक तारीख आपल्या जवळची आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बरेचसे धावपटू खेड्यापाड्यांतले शेतकरी, पायात काही नाही. शर्यतीचं शास्त्रशुद्ध शिक्षण त्यांना कुणी दिलेलं नव्हतं, तरी त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या आहेत हे दोराबजींच्या लक्षात आलं. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षी ते अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वी, पहिल्याच खेपेला! आपल्या शाळांच्या पुस्तकांत हे नाव असायला हवं होतं. असो.

याच टाटांच्या घराण्याची टेल्को १९६६ साली आपल्या भागात आली. त्याआधी १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली होती, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. या सनावळ्या तुम्हाला पाठ आहेत, पण त्यांच्यामागे एक शारीरिक घटना आहे, ती कुठे नोंदलेली नाही. साताऱ्याहून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसं इथं आली. गावाकडे ती चालत होती: शेतावर, बाजाराला, जत्रेला. इथं आल्यावर ती उभी राहिली. आठ तास, एका जागी, एका हाताची तीच हालचाल. दमणूक तशीच राहिली, चालणं गेलं.

आता थोडं लंडनला जाऊ या, कारण कामातल्या हालचालीवरचा पहिला मोठा पुरावा तिथला आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. दोघांचा पगार, वस्ती, खाणं साधारण सारखं. निष्कर्ष असा की कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झाला तरी तो तितका तातडीनं प्राणघातक नाही.

हे ऐकून आपले निवृत्त गृहस्थ म्हणतील, बघा, मी सांगत होतो! काम म्हणजेच व्यायाम. थांबा. मॉरिस प्रामाणिक माणूस होता. त्यानं पुढे या लोकांच्या गणवेशाची मापं काढली. १९५६ साली जे छापलं ते वाचून मला फार आनंद झाला होता, कारण मी वर्गात ह्यूमचा कार्यकारणभाव शिकवायचो आणि मुलं जांभया द्यायची. मापांवरून दिसलं की ड्रायव्हरच्या पँटचा कमरेचा घेर नोकरीच्या सुरुवातीपासूनच कंडक्टरपेक्षा जास्त! म्हणजे बसून पोट सुटलं, की पोट सुटलेला माणूस बसायचं काम निवडतो? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे मी वीस वर्षं सांगत होतो. ते मॉरिसनं पँटच्या मापांवर दाखवलं.

तो तिथं थांबला नाही. त्यानं पुढे सतरा हजारांच्या आसपास सरकारी अधिकारी घेतले. सगळे टेबलावर बसणारे. म्हणजे कामातला फरकच काढून टाकला आणि फक्त रिकाम्या वेळात कोण काय करतं ते विचारलं. १९७३ साली उत्तर आलं: सुट्टीत दमवणारा व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार बराच कमी. हे मॉरिस ९९ वर्षं जगले. पुरावा म्हणून हे सांगत नाही, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. सांगायला बरं वाटतं, एवढंच.

पुढची पायरी डेन्मार्कची. कोपनहेगनचे आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांचे सहकारी गेली काही वर्षं नेमका आपल्या गृहस्थांचाच प्रश्न विचारताहेत. रिकाम्या वेळातली हालचाल आयुष्य वाढवते, मग कामातली का वाढवत नाही? २०१८ साली एकत्र केलेल्या सतरा अभ्यासांत, सुमारे १ लाख ९३ हजार लोकांच्या माहितीत असं दिसलं की जड अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका कमी मेहनतीच्या कामापेक्षा १८ टक्के जास्त होता. स्त्रियांत तसं दिसलं नाही. नॉर्वेतल्या मोठ्या अभ्यासात हा तोटा आढळला नाही, आणि जड काम करणाऱ्याचं उत्पन्न, घर, व्यसनं यांचा वाटा त्यात किती, हा वाद अजून चालू आहे. पण संरक्षण मिळतं असं मात्र ठामपणे म्हणता येत नाही.

कारण समजायला सोपं आहे. पळताना वीस-तीस मिनिटं हृदयाचे ठोके चांगले चढतात आणि मग उतरतात. त्या चढण्यानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं, म्हणून काही महिन्यांनी बसल्या जागची नाडी मंदावते. स्नायू रक्तातली साखर जास्त सहज उचलू लागतात. व्यायामानंतर काही तास रक्तदाब उतरलेला राहतो. आणि खरं बांधकाम विश्रांतीत होतं. मशीनवर काय होतं? ठोके थोडेसे चढतात, हृदयाला शिकण्याइतके नाही, पण आठ तास चढलेलेच राहतात. ओझं उचलताना श्वास रोखला की रक्तदाब उसळतो. विसावा केव्हा घ्यायचा हे लाईन ठरवते. वर ओव्हरटाइम. विश्रांतीच नाही, मग बांधकाम कधी व्हायचं?

म्हणजे बघा, फरक स्नायूंत नाहीच. थांबायचं कधी, हे कोण ठरवतं, त्यात आहे. मला तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून हे फार महत्त्वाचं वाटतं. शरीर आणि स्वातंत्र्य हे आम्ही दोन वेगळ्या पेपरांत शिकवत होतो.

साखरेबद्दल एक आपल्या पुण्याचीच गोष्ट. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या आत चरबी लपलेली असते, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी गमतीनं अशीही नोंद केली की एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळणं. "मी काही जाड नाही" असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं तो फोटो बघावा. मी बघितला आणि दुसऱ्या दिवशी दुर्गाटेकडी चढायला लागलो. माझ्या चालण्याला पळणं म्हणणं हा पळण्याचा अपमान होईल, पण वाटेत दोन-दोन मिनिटं पळतो.

मनाचं काय? १९९९ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात नैराश्य असलेल्या पन्नाशीपुढच्या १५६ जणांवर अभ्यास झाला. काहींना औषध, काहींना आठवड्यातून तीनदा चालणं-पळणं किंवा सायकल, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखी. औषधाचा गुण मात्र आधी दिसला, म्हणून कुणी घरी जाऊन गोळ्या बंद करू नका. २०११ साली १२० वृद्धांना वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालायला लावलं. स्मरणाशी निगडित असलेला मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग, जो वयानुसार आक्रसतो, तो चालणाऱ्यांत सुमारे २ टक्क्यांनी वाढला. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांत तो घटला. देकार्तनं मन आणि शरीर वेगळं केलं. ते पुन्हा जोडायला चाळीस मिनिटांचं चालणं पुरतं, असं मी विद्यार्थ्यांना म्हणायचो. थोडी अतिशयोक्ती आहे, पण वर्गात चालते.

किती जोरात पळायचं, याची डॉक्टर एक साधी खूण सांगतात. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम गती. दोन-चार शब्दांपुढे बोलताच येत नाही, तो जोर. आता वारी आठवा. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करते, माऊलींची आळंदीहून निघते. आपण दोन्हींच्या मधोमध राहतो. दिंडीत अभंग चालू असतात. म्हणजे त्या खुणेनं ती चाल हलकीच म्हणायची, पण अडीचशे किलोमीटर, अठरा-वीस दिवस. आणि मग वेळापूरजवळ 'धावा' होतो. तुकोबांना तिथल्या चढावरून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे, म्हणून वारकरी उतारावरून धावतात. तेव्हा अभंग थांबतो, 'माऊली, माऊली' एवढंच तोंडात उरतं. सत्तरीच्या म्हाताऱ्या धावतात. त्यांना कुणी धाडलेलं नसतं, पोहोचवायचा कागद नसतो. जासूदापासून वारकऱ्यापर्यंत पाय तेच आहेत.

म्हणून 'इच्छाशक्ती हवी' असं कामगाराला सांगणाऱ्यांचा मला राग येतो. इच्छेला वेळ लागतो, जागा लागते. पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कारखान्यांच्या काळात कायम नोकरी होती, कॉलनी होती, मैदान होतं. भोसरीत कुस्ती आणि कबड्डी होती. आज चाकणमध्ये कंत्राटावरचं पोरगं एका खोलीत चौघांत राहतं. नाशिक महामार्गाच्या कोंडीत दिवसाचे दीड-दोन तास जातात. पळायला फुटपाथ नाही, कंटेनर आहेत. मुलींना तर अंधारात बाहेर पडणंच अवघड. अशा ठिकाणी एक उजेडाचा, बिनगाड्यांचा दोन किलोमीटरचा रस्ता म्हणजे दवाखानाच आहे, आणि दवाखान्यापेक्षा पुष्कळ स्वस्त.

माझा एक जुना विद्यार्थी चाकणला नाईट करतो. सकाळी कंपनीच्या बसमधून खोलीच्या दोन थांबे आधी उतरतो आणि उरलेलं अंतर पळतो. सुरुवातीला टपरीवाला ओरडायचा, "अरे, ड्यूटी चुकली का?" मी त्याला म्हटलं, रात्रभर उभं राहून वर पळतोस, आधी झोप. तर म्हणाला, "सर, ती पंधरा मिनिटं सुपरवायझर नसतो."

ते निवृत्त गृहस्थ आज आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. तुम्हाला उत्तर देतो, काका. तुमचा घाम खरा होता, पण त्याचा हिशेब तुमच्या नावावर लागला नाही. आधी रक्तदाब आणि ईसीजी बघून घ्या. पहिले दोन आठवडे नुसतं दहा मिनिटं चाला, मग वीस. गप्पा मारता येतील अशा गतीनं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं म्हणते, ती एकदम गाठायची नाहीत. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. गुडघा कुरकुरला तर टेकडी सोडून सपाटीवर या.

प्रश्नांना दहा मिनिटं आहेत. पुढे हॉल रिकामा करून द्यायचाय.